नावाला कोण विचारतंय

"आलं का ते जिदहफ्स?" शिरीष सरांनी खुर्चीतूनच विचारलं.

आखातात, मनामा शहरातल्या हेड ऑफिसात सकाळपासून नेट नव्हतं. काउंटरवर माणसं ताटकळत होती. सरांच्या लॅपटॉपवर मालकांसाठी एक मेल अर्धा लिहून तयार होता: जिदहफ्सच्या टेक्निशियनचा निष्काळजीपणा. याचा व्हिसा रिन्यू करू नये.

ते जिदहफ्स म्हणजे उज्ज्वल. जिदहफ्सच्या शाखेत बसतो म्हणून जिदहफ्स. त्याच्या आधी तिथे सागर बसायचा, तेव्हा सागर जिदहफ्स होता.

उज्ज्वल सर्व्हरपुढे उकिडवा बसला. एक कमांड दिली, स्क्रीन वाचली.

"सर, नेटवर्कचं कार्ड कोणीतरी दुसऱ्या स्लॉटात घातलंय."

"मीच घातलं शुक्रवारच्या सुट्टीत. तिथे तापत होतं. कार्ड तर तेच आहे ना?"

"कार्ड तेच आहे सर. पण मशीन कार्डाला ओळखत नाही. ते कुठल्या स्लॉटात बसलंय ते बघून नाव ठेवतं. जागा बदलली, नाव बदललं. सेटिंग अजून जुन्याच नावाला हाका मारतंय."

"मला शिकवू नकोस. पुण्यात तुझ्यासारखे छप्पन्न तयार केलेत मी. यल्ला, हात चालव." एवढं बोलून सरांनी मेल पुरा केला आणि मोबाइलच्या नेटवरून पाठवूनही दिला.

उज्ज्वलने ते पाहिलं. मग पुन्हा स्क्रीनकडे वळला.

"सर, प्रत्येक कार्डाला कंपनीतून त्याचा स्वतःचा नंबर येतो. नाव त्या नंबरालाच बांधतो. मग कुठेही बसवा, नाव सुटणार नाही. काय ठेवू?"

"ठेव काहीही. नावाला कोण विचारतंय!"

बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, तसा उज्ज्वल कीबोर्डवर वाकला. सहा इंग्रजी अक्षरं टाइप केली. मशीन बंद करून चालू केलं. कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकला, आणि बाहेर काउंटरवरचे प्रिंटर एकामागून एक कुरकुरू लागले.

मालक बासितसाहेब आत आले. हातातल्या फोनवर तो मेल उघडाच होता.

"खलास? कोणी केलं दुरुस्त?"

"मी, सर," शिरीष सर उभे राहून म्हणाले.

साहेब स्क्रीनजवळ गेले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. "मग इथे हे उज्ज्वल कोण?"

"उज्ज्वल? या नावाचा आपल्याकडे कोणी नाही, सर."

खाली वायर गुंडाळत बसलेल्या माणसाच्या गळ्यात आयडी कार्ड लोंबत होतं. साहेबांची नजर त्यावर गेली आणि तिथेच थांबली.

शिरीष सरही मग त्याच्याकडेच वळले.

"ए जिदहफ्स! हा उज्ज्वल कोण रे?"