ठिबकच्या नळीचं पाणी

डाळिंबाच्या बागेत खुरपता खुरपता शेवंताला तहान लागली. तिने नेहमीसारखं ठिबकच्या नळीचं टोक उघडलं आणि ओंजळ भरली. ती तोंडाशी नेणार, तोच तिचा नवरा हणमंत मोटरीकडून धावत आला आणि त्याने तिच्या हातांवर जोरात फटका मारला.

"येड लागलं का तुम्हाला?" ती ओरडली.

"अगं, नळ्या तुंबल्यात म्हणून ॲसिड सोडलंय त्यात! प्यालीस का?"

"मी नाही." तिचा चेहरा पांढराफटक पडला. "पण आत्याबाईंना आत्ताच तांब्या भरून दिला."

दोघं लिंबाखाली पळाली. हणमंतची आई भरला तांब्या बाजूला ठेवून पदराने ओठ पुसत होती.

"घोट घेतला तर आंबटढाण लागलं. थुंकून टाकलं," ती म्हणाली. "काय कालवलंस रे पाण्यात?"

हणमंतने तांब्या उचलून पाणी मातीत ओतलं. त्याला आईकडे बघवेना.