मुमताजने सांगितलेली कादंबरी

बुधवार पेठेत मिक्सर दुरुस्त करणाऱ्या अझीमभाईंनी आयुष्यात एकही कादंबरी वाचली नव्हती. वाचायची ती त्यांची बायको मुमताज, आणि संध्याकाळच्या चहाला गोष्ट त्यांना सांगायची. शेवटची सांगितली ती मराठीत आलेल्या एका जुन्या फ्रेंच कादंबरीची. गावाकडचा हुशार पोरगा मोठा लेखक व्हायला पॅरिसला जातो आणि पैशासाठी खोटंनाटं लिहायला लागतो.

"हा तर आपला शहाबाज," अझीमभाई म्हणाले. सिरियल लिहायला मुंबईला गेलेला त्यांचा मुलगा दोन ईदला घरी आला नव्हता, फोनही उचलत नव्हता.

"अहो, पुढचं ऐका तरी. शेवटी तो परत येतो आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो."

"एवढी जाड कादंबरी लागली होय त्याला अक्कल यायला?" असं म्हणाले खरे, पण त्याच आठवड्यात अझीमभाईंनी शहाबाजच्या खोलीला नवा रंग लावून घेतला.

मुमताज वारली, तेव्हाही शहाबाज आला नाही. तिचा चाळिसावा झाल्यावर अझीमभाईंना ते आईच्या मांडीचं पान स्वतः वाचावंसं वाटलं. चष्मा लावून त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं, पण त्यात ते नव्हतं. आपलंच काही चुकलं असेल म्हणून ते एकेक प्रकरण मागे जात राहिले आणि शेवटी अगदी सुरुवातीला येऊन थांबले.

पोरगा कधीच परतत नाही, आणि त्याची आई तर पहिल्याच पानावर वारलेली असते.