उलटतपासणी

नवं हॉटेल उघडलं की नवरा हौसेने नेतो आणि मी वेटरची उलटतपासणी घेते. लेकीला शेंगदाण्याचा कणही चालत नाही; एकदा दवाखाना गाठला होता. आजही प्रत्येक पदार्थाची चौकशी करून माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी वेटरने विचारलं, “बाळा, आइस्क्रीम आणू?” “नको काका, मला गोड आवडत नाही.” “शहाणी गं माझी ती!” नवरा म्हणाला. क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं. पण परवाच हिने आइस्क्रीमची वाटी चाटूनपुसून लख्ख केली होती. “खोटं का बोललीस गं?” मी तिच्या कानात कुजबुजले. “तू विचारून विचारून दमतेस ना!” मी वेटरला परत बोलावून सगळं विचारलं. तो स्वयंपाकघरात जाऊन आला. “शेंगदाणे नाहीत, ताई. नवा डबा फोडतो.” लेकीने त्याची बाही धरली. “आणि काका, चमचा धुतलेला आहे ना?”