प्रश्न काढणारा माणूस

"चूक तुमची आहे बाई, माझी नाही," असं म्हणून मीराने प्रश्नपत्रिका टेबलावर आपटली.

तिचा बाप गुणाजी शेजारच्या खुर्चीच्या कडेवर टेकून बसला होता. त्याने तिच्या कोपराला हात लावला. तिने तो झटकला. का नाही झटकणार? अंधेरीच्या या लॉ कॉलेजात बारावीनंतरचा कोर्स नव्यानेच निघाला होता. प्रवेशपरीक्षा घेऊन मोजकीच पोरं घ्यायची, आणि मीरा एका मार्काने बाहेर. एका! गुणाजीची गिरणी संपात गेली ती गेलीच. आता तो बोरिवलीला वॉचमन होता. यंदा नाही जमलं तर मीराने दुकानात कामाला लागायचं, हे घरात ठरून गेलं होतं. म्हणजे वकिली संपलीच.

प्राचार्या जयंतीबाईंनी चष्मा लावला. "कुठला प्रश्न?"

"हा. चाळीतल्या भाडेकरूचा."

वर नियम दिला होता. मालकाला इमारत पाडून नवी बांधायची असेल, तर जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा दिल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. खाली हकिगत. एक गिरणीकामगार वर्षानुवर्षं चाळीत राहतो, भाडं वेळेवर भरतो. मालक म्हणतो, खोली सोड, मला मोठी बिल्डिंग बांधायची आहे. भाडेकरूने काय करावं?

"मी लिहिलं 'अ', खोली सोडावी. तुम्ही गेटवर उत्तरं लावलीत त्यात 'क', सोडू नये. साफ चूक!"

"अगं, वरचा नियम वाच ना. तुला कायदा किती येतो हे ही परीक्षा बघतच नाही. दिलेला नियम दिलेल्या हकिगतीला लावता येतो का, एवढंच बघते."

"नियम कागदावर राहतो, बाई. आम्ही हे भोगलंय! घाटकोपरला आमची अशीच खोली होती. मालकाने सोडा म्हटलं. बाबा वकिलाकडे गेले. कोणी आलतूफालतू वकील नाही, आमचे अण्णा. ते म्हणाले, गुणाजी, कायदा मालकाच्या बाजूने आहे, कोर्टात गेलास तर तेलही जाईल नि तूपही. आम्ही मुकाट खोली सोडली. मग तुमचा 'क' कुठून आला?"

"देवमाणूस," गुणाजी म्हणाला. आल्यापासून हा त्याचा पहिला शब्द. "फीचो एक पैसो घेतल्यानी नाय. दहिसरची खोलीसुद्धा त्यांनीच बघून दिली."

अण्णा दहिसरला आले की गुणाजी घरातली एकुलती खुर्ची पुसायचा, "अण्णा, बसा" म्हणायचा आणि स्वतः उंबऱ्यापाशी उभा राहायचा. तू वकील हो, असं मीराला सांगणारेही अण्णाच. परीक्षा दिल्याचं मात्र तिने त्यांना कळवलं नव्हतं. घाटकोपरला त्याच चाळीच्या जागी झालेल्या बिल्डिंगमध्ये अण्णांनी नवं ऑफिस घेतलं होतं. तिथे एकदम पेढे घेऊनच जायचं तिच्या मनात होतं. आता कसले पेढे नि कसलं काय!

जयंतीबाईंचाही आवाज चढला. "हे बघ, आम्ही प्रश्न हवेतून काढत नाही. वकिलांकडून मागवतो, त्यांनी स्वतः हाताळलेल्या केसेसवरून. मग तोच प्रश्न दुसऱ्या दोघांना सोडवायला देतो, उत्तर न सांगता. तिघांचं जुळलं तरच पेपरात. तपासतानाही कोणाची मर्जी नाही. भोकं पाडलेला पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकातून दिसतील तेवढ्या खुणा, तेवढे मार्क."

"आणि भोकच चुकीच्या जागी पाडलं असेल तर? पुठ्ठ्याला काय कळतंय? तिघांनी मिळून चूक केली म्हणून ती बरोबर होते का?" मीराला संतापाने रडू येत होतं आणि त्याचाही तिला संताप येत होता. "ज्याने हा प्रश्न काढला ना, तो राहिलाय कधी चाळीत? बोलवा त्याला. माझ्या बाबांच्या तोंडावर सांगू दे, की खोली सोडायची गरज नव्हती म्हणून!"

"चल गो," गुणाजी घाबरून म्हणाला. "मोठ्या माणसांच्या तोंडाक लागा नये."

"तुम्ही कधी तोंड उघडलं नाहीत बाबा, म्हणून तर ही वेळ आली!"

गुणाजीने मान खाली घातली. मीराला लगेच वाईट वाटलं, पण आता माघार नव्हती.

जयंतीबाई उठल्या. "ठीक आहे. आज आक्षेपांचाच दिवस आहे, प्रश्न काढणारे पलीकडच्या खोलीतच बसलेत. उत्तर चुकलेलं निघालं तर तुझा मार्क तुला मिळेल, तू आत. नाही निघालं तर मात्र विषय संपला. कबूल?"

"कबूल. वर माफीही मागीन."

जयंतीबाईंनी मागचं दार उघडून हाक मारली, "वकीलसाहेब, जरा येता? भाडेकरूच्या प्रश्नाला आक्षेप आहे."

दार बापलेकीच्या पाठीमागे होतं. मीरा मुद्दामच वळली नाही. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत, हाताची घडी घालून बसून राहिली. मागे चपला वाजल्या.

"त्यात कसला आला आक्षेप?" दारातूनच आवाज आला. "उत्तर 'क'च. माझ्या स्वतःच्या हातातली केस आहे बाई. साधा माणूस होता बिचारा. नुसता बसून राहिला असता ना, तर कोणाचा बाप त्याला हलवू शकला नसता. त्याला कोणी सांगितलंच नाही, एवढंच."

मीराच्या हातांची घडी सुटली. गुणाजीने मागे बघितलं नाही. तो सवयीने उठला, खांद्यावरच्या पंच्याने खुर्ची पुसली आणि बाजूला उभा राहिला.

"अण्णा, बसा," तो म्हणाला.