हाउसकीपर म्हंजी काय

"म्हंजी मोलकरीणच की," कुशाबा म्हणाला आणि लेकीच्या नेमणुकीचं पत्र त्यानं भाकरी थापणाऱ्या बायकोकडं सरकवलं.

गौतमीनं बापाला पुन्हा समजावलं. सर्व्हंट म्हणजे सांगकाम्या नोकर. मेड म्हणजे केरफरशी, धुणंभांडी करणारी बाई. हाउसकीपरच्या हाती मात्र हॉटेलच्या सगळ्या किल्ल्या. चाळीस खोल्या तिच्या नजरेखाली, पंधरा माणसं तिच्या हाताखाली. तीन वर्षं पुण्यात शिकून तिनं ती जागा मिळवली होती.

कुशाबाला इंग्रजी शब्दांचं नवल नव्हतं. तो स्वतः लवासात एका शेठच्या बंगल्यावर केअरटेकर होता. सात वर्षं रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मोटारसायकलवर जायचा. गावात कुणी वॉचमन म्हटलं, की तिथल्या तिथं दुरुस्त करायचा.

"वॉचमन दारात हुबा ऱ्हातो. क्येअरटेकरच्या भरवशावर मालक बंगला सोडून जातो."

घरात त्याचं मोठं कौतुक होतं. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिताना गौतमीनं तो शब्द ऐटीत, मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

लेकीला लवासातच नोकरी लागली म्हणून आधी तोही हरखला होता. हॉटेलचं नाव मात्र त्यानं दोनदा विचारलं आणि तिथून बिनसलं. दुसरीकडं बघ म्हणाला. लोकांच्या पलंगावरच्या चादरी बदलणं आपल्या घराला शोभत नाही म्हणाला. चार दिवस जेवणापुरतंच बोलला.

शेवटी गौतमीच म्हणाली, "आबा, तुमचंच बघून शिकलीया मी. कामाची लाज कशाला धरायची?"

कुशाबा उठून अंगणात गेला.

रुजू व्हायच्या दिवशी तो रोजच्यापेक्षा तासभर आधीच निघून गेला. चल, सोडतो, असंही म्हणाला नाही. गौतमीला ते फार लागलं. ती एसटीनं गेली.

हॉटेलात मॅनेजरनं तिच्या खात्यातली सगळी माणसं ओळीनं उभी केली आणि नव्या मॅडमना आपापलं नाव नि काम सांगायला लावलं. गुलशन, खोल्या. राजू, कपडे धुणं. तिसऱ्याच्या अंगावर निळा गणवेश होता, हातात पोछा.

"कुशाबा. झाडलोट," तो साऱ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आन् ह्या म्याडमचा बाप."