बोटभर अंतर

रिंग बसेना.

मदिहानं ती पुन्हा फिरवून पाहिली, उलटी, सुलटी, श्वास रोखून. एका बाजूनं ती नव्या कॅमेऱ्याला कट्‌कन बसत होती. दुसऱ्या बाजूनं जुन्या लेन्सला तोंड लावू देत नव्हती. सकाळीच खामगावहून कुरिअरनं आली होती. मागवताना मदिहानं कॅमेऱ्याचं नाव दोनदा वाचून कळवलं होतं. लेन्स दुसऱ्या कंपनीची आहे, तिचंही नाव सांगावं लागतं, हे आता कळत होतं.

आता, म्हणजे आसमानं खाटेवर मागं बसून जमीलाबींना छातीशी टेकवून उठवलं होतं तेव्हा. आईच्या खांद्यावरून लेकीचा मेहंदीचा हात पुढं आलेला. लाल ओढणीखाली नवरीचे डोळे सकाळपासून कोरडे.

"मदिहा, लवकर वं. अम्मी थकून राह्यली."

"झालंच."

झालं काहीच नव्हतं. जनान्यात कॅमेरावाली एकटीच जाते. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही तिनंच काढायचं. म्हणून तर हा नवा कॅमेरा, जुना दुकानात देऊन घेतलेला; जुन्याची लेन्स तेवढी ठेवली होती. त्याच्यासोबत एकच नवी लेन्स घेतली होती, लांबची. गर्दीत न घुसता तिनं मांडवातलं सगळं टिपलं होतं. पण पिंपळगाव राजाच्या या अरुंद खोलीत भिंतीला पाठ लावली तरी ती लेन्स चेहरा धरीना. जवळचं तिला दिसतच नव्हतं.

दारात आसमाची फुफी, तिची आत्या, बसली होती, आत कुणी फोटो काढू नये म्हणून बायकांकडून घेतलेल्या फोनांची दुरडी मांडीवर घेऊन. "एवढा महागाचा कॅमेरा अन् काचेपायी रुसला?" ती म्हणाली. "याच्यापरीस आमचे जावईबापू बरे."

"फुफी, एक फोन दे," आसमा म्हणाली. "कोणाचाबी दे."

"फोनात नाही." जमीलाबींचा आवाज खाटेच्या दोरीसारखा करकरला. "मदिहाच्या कॅमेऱ्याले हो म्हटलं म्या. त्याचं कार्ड माह्या हातात येते. फोनातलं सकाळी इथं, तं दुपारी जळगावात."

"अम्मी, एकच तं फोटो…"

"नाही म्हटलं ना माय."

आजवर जमीलाबींचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. तोही पाहून त्या म्हणाल्या होत्या, ही कोण बाई? आज पहिल्यांदा हो म्हणाल्या होत्या. संध्याकाळी आसमा मोताळ्याला सासरी पोचणार होती, आणि डॉक्टर ईदपर्यंतचंही काही बोलत नव्हते.

बाहेर वऱ्हाडाच्या गाडीनं हॉर्न दिला.

मदिहानं रिंग ओट्यावर ठेवली. एका हातात जुनी लेन्स, दुसऱ्या हातात उघड्या तोंडाचा कॅमेरा. जुन्या कॅमेऱ्यात या दोघांच्या मधे आरसा असायचा. नव्यात आरसाच नाही, म्हणून आरशाची जागाही नाही. तेवढी जागा राखायची म्हणून तर मधे रिंग लावायची.

जागा. जागा तर हातानंही राखता येते.

तिनं लेन्स कॅमेऱ्यासमोर बोटभर अंतरावर हवेत धरली. पडद्यावर आधी दूध सांडल्यासारखं पांढरं. लेन्स जरा पुढं, जरा मागं. मग त्या पांढऱ्यातून एक कान वर आला, कानातली चांदीची बाळी, सुरकुती.

बटण दाबलं. कॅमेरा ढिम्म. पडद्यावर अक्षरं: लेन्स जोडलेली नाही.

"या अल्लाह," मदिहा पुटपुटली. "हाय ना बे. हातात हाय ना."

"उतरवू का अम्मीले खाली?" आसमानं घसरती आई पुन्हा छातीशी ओढली.

"नको. धरून ठेव. एकदा निजल्या तर पुन्हा नाही बसणार." घामेजल्या अंगठ्यानं तिनं सेटिंग उलगडली. एक पान, दुसरं पान. लेन्सशिवाय फोटो काढायचा का? हाव. हाव म्हणते ना.

"फुफी, इकडं ये. ओढणी काढ."

"माही?"

"या फटीतून उजेड घुसून राह्यला. गुंडाळ इथं. घट्ट."

फुफीनं फोनांची दुरडी खाली टाकली. काळी ओढणी मदिहाच्या बोटांभोवती, काचेभोवती, फटीभोवती लपेटली आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. चौघींचा श्वास एका खोलीत. त्यात जमीलाबींचा वेगळा ऐकू येत होता.

"खाला, इकडं पाहा."

जमीलाबींनी पाहिलं.

खट्. आणि लगेच दुसरं खट्, ओढणी घसरून काचेपुढं आली तरी. मग जमीलाबींची मान कलली, आणि आसमानं त्यांना हळूच उशीवर टेकवलं.

मदिहा खाटेशी गुडघ्यांवर बसली. पहिला फोटो पडद्यावर आणून तिनं कॅमेरा जमीलाबींच्या डोळ्यांपुढं धरला. काचेची नजर एवढी पातळ, की तिनं एकीलाच स्पष्ट धरलं होतं; मागचं सगळं लाल धुकं. जमीलाबी पापणीच्या केसांसकट आल्या होत्या. कपाळावरची शीर, ओठांची साल, डोळ्यात खिडकी.

"ही मी होय?"

"हाव, खाला."

त्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अन् आसमा कुठं गेली यातली?"

"इथंच हाय ना अम्मी, तुह्या मागं." आसमा त्यांच्या कानाशी वाकली. "हे लाल लाल दिसते ना, थे मी होय."

जमीलाबींनी हात उचलला. त्या लाल धुक्यात जिथं गाल असावा तिथं बोट टेकवलं आणि हळूच कडेला फिरवलं, तान्ह्या पोराच्या गालावरून फिरवतात तसं.

बोटाखालून फोटो सरकला. त्या जागी पुढचा आला: घसरल्या ओढणीचा, पुरा काळा.

चटका बसावा तसं त्यांनी बोट मागं घेतलं. लेकीकडं वळायला मान वळेना.

"पुसलं का वं माय मी तुले?"