वाक्यात उपयोग

व्हिसा आला तसे कॅनडातल्या नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर ऋजुताला इंग्रजी वाक्प्रचार शिकवायला घेतले. शाळेतल्यासारखेच, आधी अर्थ, मग वाक्यात उपयोग.

शाळेत बाईंच्या वाक्यांत कायम रमेश असायचा, तशी याच्या वाक्यांत मृदुला. ‘वॉकिंग ऑन एगशेल्स’ म्हणजे समोरच्याचा राग ओढवू नये म्हणून जीव मुठीत धरून वागणं. मृदुला घरात तशी वागायची. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे काणाडोळा करणं. मृदुलाच्या रडण्याकडे शेजारी काणाडोळा करायचे.

बॅग भरता भरता ऋजुता हसून ऐकायची. आज ‘व्हॅनिश इन्टू थिन एअर’ आला, म्हणजे मागमूस न ठेवता नाहीसं होणं. “गेल्या हिवाळ्यात मृदुला अशीच नाहीशी झाली,” तो म्हणाला.

“अहो, ही मृदुला आहे तरी कोण?”

“वाक्यातली बाई गं,” तो शांतपणे म्हणाला. “आणि ते स्वेटर नको भरूस. इथे कपाटभर आहेत, तुझ्याच मापाचे.”

तिने हातातल्या स्वेटरची मापाची पट्टी उलटून पाहिली.

“चल, पुढचं वाक्य तू कर.”

“कुणाचं नाव घालू?”

“आता तुझंच घाल.”